यूपीआय सर्कल: पोरगी पुण्याला निघाली तेव्हा किती कामाला आलं?

आमची थोरली यंदा बार्शीहून पुण्याला शिकायला गेली. कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस आणि हातात फोन. बारावीपर्यंत तिच्या हातात पैसा म्हणजे रिक्षाचे सुट्टे आणि दिवाळीला मामाने दिलेली नोट. मी बचत गटाचं लेजर लिहिते, महिन्याची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज सगळं रुपयापर्यंत जुळवते. त्यामुळे घरात सगळ्यांचा समज असा की पोरीलाही हिशोब येतच असणार. कुठून येणार? म्हणून सुट्टीतच घरबसल्या सराव सुरू केला आणि त्यासाठी यूपीआय सर्कल घेतलं. गटातल्या बायका सारख्या विचारतात, कसं आहे ते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ही सोय २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली. आपल्या बँक खात्यातून घरच्या दुसऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या फोनवरून पैसे देता येतात आणि आपला पिन त्याला सांगावा लागत नाही. पाच जणांपर्यंत जोडता येतं. पण जोडलेला माणूस एकाच्याच सर्कलमध्ये राहतो. आईच्याही आणि पप्पांच्याही, असं चालत नाही (लेकीने ते लगेच विचारून घेतलं होतं). प्रकार दोन. पहिल्यात प्रत्येक पेमेंटला आपली मंजुरी लागते. दुसऱ्यात महिन्याची मर्यादा ठरवून द्यायची, जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,०००. मग तिने खर्च करायचा, आपण नुसतं बघायचं.

आधी मंजुरीवालं लावलं. आईच्या जिवाला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण चालवून बघितल्यावर कळतं काय होतं ते. पोरगी झेरॉक्सच्या दुकानात उभी, मागे चार पोरं, दुकानदार म्हणतोय "ताई, झालं का?" आणि इकडे मी गटाच्या बैठकीत बचतीच्या नोटा मोजतेय. फोन थरथरतो, बावीस रुपये. नोटा खाली ठेवा, चष्मा लावा, पिन टाका. तेवढ्यात तिने मैत्रिणीकडून उसने घेऊन दिलेलेही असतात. बावीस रुपयांसाठी आईला विचारणारी पोरगी पुण्यात काय हिशोब शिकणार? ती फक्त विचारायला शिकते. आणि दुसऱ्या आठवड्यापासून मी न बघताच पिन टाकायला लागले, म्हणजे राखणही गेली.

आणखी एक गंमत. पेमेंटखाली दुकानाचं नाव दिसेलच असं नाही. गाडेवाल्याचं खातं ज्या नावाने, तेच नाव येतं. एका संध्याकाळी १४० रुपये आणि कुणा अनोळखी पुरुषाचं नाव. आमच्या ह्यांचा आवाज लगेच चढला. फोन लावला तर तो मोमोवाला निघाला.

मग मर्यादेवालं लावलं, महिना ३,००० वर. कटकट थांबली. पण मला खरी अडचण इथे दिसली. पैसे माझ्या खात्यातून जातात, तिच्या नाही. तिच्यासाठी ३,००० हा नुसता आकडा. तो संपला की "आई, वाढव ना" एवढाच उपाय, आणि वाढवायला मला दोन बोटं लागतात. स्वतःच्या खात्यातली शिल्लक खाली येताना जे पोटात होतं, ते यात होत नाही. महिनाअखेरीला काही उरलं तरी ते तिचं नाही, माझंच. मग उरवेल कशाला?

म्हणून पुण्याला जाताना पद्धत बदलली. तिचं स्वतःचं खातं आहेच. एक तारखेला ठरलेली रक्कम तिथे जाते. त्यातून आधी कॉटचं भाडं आणि मेस. मग उरलेल्याचे चार भाग करायचे आणि दर सोमवारी एक भाग यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधल्याच छोट्या खर्चाच्या पाकिटात, टाकायचा. हे लाइट मला सर्कलपेक्षा कितीतरी जास्त आवडलं. त्यात एका वेळी ५,००० च्या वर ठेवता येत नाहीत, एका पेमेंटला १,००० च्या वर जात नाहीत, पिन लागत नाही. चहा, वडापाव, पीएमटी म्हणजे पुण्याची सिटी बस (तिकडे आता पीएमपी म्हणतात म्हणे) सगळं त्यातून. शुक्रवारी त्यात साठ रुपये दिसले की शनिवारचा बेत आपोआप बदलतो. फक्त ऑटो टॉप-अप बंद ठेवायला सांगा, नाहीतर संपलं की ते खात्यातून आपणहून भरून घेतं आणि सगळा खेळ वाया. आणि पिन नसल्यामुळे फोनला लॉक हवंच. एक तोटाही आहे: बँकेच्या पासबुकात लाइटमध्ये टाकलेली एकच रक्कम दिसते, वडापाव वेगळा दिसत नाही. तो अ‍ॅपमध्ये शोधावा लागतो. माझ्यासारखीला हे खटकतं, लेकीला अर्थातच पसंत आहे.

सर्कल काढलं नाही. मंजुरीवाल्या प्रकारात ठेवलंय, दवाखाना किंवा रात्रीची एसटी असल्या वेळेसाठी. त्याला तिथेच जागा आहे.

काही गोष्टी मात्र कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाहीत, त्या तोंडानेच सांगाव्या लागतात. मेसवाल्याला खाड्यांचं पहिल्याच दिवशी विचारायचं: सलग किती दिवस गेलं तर पैसे वजा होतात, आधी कधी सांगावं लागतं. कॉटच्या डिपॉझिटची पावती घ्यायची, "घरचेच आहोत" म्हणणाऱ्याकडून तर नक्कीच. पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. फसवणूक झालीच तर रडत बसायच्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. आणि कुणी म्हणालं "तुझं खातं जरा वापरू दे, कमिशन देतो," तर तिथून उठायचं. चोरीचा पैसा फिरवायला शिकणाऱ्या पोरांचीच खाती शोधतात, आणि पोलीस आधी खातं ज्याचं त्याच्याच दारात येतात.

तर सर्कलला लेकीपुरते पाचपैकी अडीच. पण मी खात्यावर दुसरी जागा सासूबाईंना दिलीय, मर्यादेवाली, महिना १,५००. त्यांना पिन लक्षात ठेवायचा वैताग होता, तो गेला. दारावर भाजीवाली आली की स्कॅन करून मोकळ्या. परवा शेजारणीला सांगत होत्या, "पैसे सुनेचे, कोथिंबीर माझ्या पसंतीची." त्यांच्याकडून पाचपैकी पाच.