तान्ह्या बाळाची स्टोमा बॅग (वन-पीस म्हणजे चकती आणि पिशवी एकत्र, ड्रेनेबल म्हणजे खालून उघडून रिकामी करता येणारी): ५ पैकी साडेतीन

एनईसीमुळे (नवजात बाळाचं आतडं सुजून सडतं तो आजार) आतडं बरंच कापावं लागलं आणि इलिओस्टोमी केली (लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढतात, तोच स्टोमा) अशा बाळासाठी घेतली. मोठ्यांचीच बॅग कापून लावा असं कोणी सांगितलं तर नका ऐकू, चार किलोच्या पोरीला ती मांडीपर्यंत येते आणि पाय झाडले की कडा सुटलीच.

चिकटते मस्त. फक्त लावायच्या आधी बॅगेची चिकट चकती तळहातात धरून थोडी गरम करायची, कातडी नुसत्या कोमट पाण्याने पुसून खडखडीत कोरडी करायची, वाइप्स नाही, तेल नाही. आमच्या सासूबाईंनी मालीश करताना पोटालाही खोबरेल लावलं आणि तासाभरात बॅग हातात, त्यांना तरी काय माहीत. चकतीचं भोक स्टोमापेक्षा जरासंच मोठं कापा, उघड्या कातडीला स्टोमातून येणारा रस लागला की लालबुंद होते. आणि सूज उतरली की स्टोमा लहान होतो, म्हणून माप परत परत घ्यायचं.

पण स्टार मी मुख्यतः बॅगेच्या खालच्या तोंडासाठी देतेय. तिथून सगळं सिरिंजमध्ये ओढून मोजता येतं, आणि शॉर्ट गटच्या (आतडं आखूड उरलेल्या) बाळाचं सगळं गणित या मोजण्यावरच चालतं, डायपरमध्ये शू आणि हे एकत्र झालं की काही कळतच नाही. आम्हाला डॉक्टरांनी दिलेली मर्यादा किलोमागे दिवसाला ३० मिली, म्हणजे आमची १२०, त्याच्या वर गेलं की दूध वाढवायचं नाही, फोन करायचा (तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा). यातून मीठपण जातं बरं का, हिचं रक्तातलं सोडियम नॉर्मल पण लघवीतलं अगदी कमी निघालं, म्हणजे शरीराला मीठ कमीच पडत होतं, दूध पिऊनही वजन अडकलेलं, मिठाचं औषध सुरू केल्यावर काटा हलला.

आता तक्रारी. बॅगेवरच्या मिलीच्या रेघा निव्वळ शोभेच्या, बाळ आडवं असताना काय वाचणार. गॅस जायला फिल्टर नाही, रात्री फुगून टम्म होते, एक तृतीयांश भरली की रिकामी करावीच लागते नाहीतर वजनाने ओढून सुटते. टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) अजून चालू असेल तर जास्तच जपा, गळलेलं सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) ड्रेसिंगला लागलं तर इन्फेक्शनची भीती, आणि लाइन असताना ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

ऑर्डर देताना ड्रेनेबल लिहिलंय का बघा, आम्हाला एकदा क्लोज्ड (खालून बंद) पाठवल्या आणि फोडलेला बॉक्स परत घेत नाहीत.