फ्रीबीएसडीचा सोर्स ताजा ठेवण्यासाठी गिट : काही वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर ज्यांना केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतात, त्यांचे काम ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ या तयार साधनावर भागते आणि त्यांनी सोर्स कोडच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. हे परीक्षण आहे ते ‘/यूएसआर/एसआरसी’ ही डिरेक्टरी स्वतः सांभाळणाऱ्यांसाठी, म्हणजे कर्नल (प्रणालीचा गाभा) आपल्या हाताने कंपाइल करणाऱ्यांसाठी किंवा एखादा ड्रायव्हर नेमका कशामुळे अडतो हे सोर्स उघडून पाहणाऱ्यांसाठी. या कामासाठी मी आधी सबव्हर्जन हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन वापरत होतो आणि प्रकल्पाने डिसेंबर २०२० मध्ये मुख्य सोर्स गिट या त्याच प्रकारच्या साधनावर नेल्यानंतर गिट वापरू लागलो. २०२१ च्या एप्रिलमधली १३.० ही गिटमधून तयार झालेली पहिली आवृत्ती, आणि माझा अनुभवही तिच्यापासूनचाच आहे.

जुन्या लोकांना सबव्हर्जनच्याही आधी सोर्स आणण्यासाठी वापरले जाणारे सीव्हीसप आठवत असेल. जॉन पोल्स्ट्रा यांचे ते साधन वेगाच्या बाबतीत अजोड होते, कारण सीव्हीएस या तेव्हाच्या नोंद-साधनाच्या फायलींची आतली मांडणी त्याला कळत असे आणि बदललेला भागच तेवढा ते ओढून आणत असे; मात्र ते मॉड्युला-३ या भाषेत लिहिलेले असल्यामुळे एका साधनापायी आख्खा कंपायलर चढवण्याची पाळी येई. पुढे सी भाषेत लिहिलेले सीसप मूळ प्रणालीतच आले आणि ती अडचण मिटली. न मिटलेली उणीव वेगळीच होती : आलेला कोड प्रकल्पाने दिला तोच आहे, याची खातरजमा करण्याची सोय त्या देवघेवीत नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रकल्पाच्या दोन यंत्रांत घुसखोरी झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा हा मुद्दा ऐरणीवर आला आणि वापरकर्त्यांना सीव्हीसप सोडून सबव्हर्जनकडे वळण्यास सांगण्यात आले. गिटमध्ये प्रत्येक कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) ओळख त्यातल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटवरून काढलेल्या हॅशने, म्हणजे बोटाच्या ठशासारख्या खुणेने, ठरते, त्यामुळे दोन यंत्रांवरचे हॅश जुळले की दोन्हीकडे तोच सोर्स आहे असे मानता येते. आपण मुळात योग्य सर्व्हरशी जोडलो होतो का, हा प्रश्न अर्थात वेगळा.

पहिल्यांदा क्लोन करताना, म्हणजे सोर्सची आपली प्रत उतरवताना, निवड करावी लागते ती इतिहासाची. संपूर्ण इतिहास घेतला तर एक गिगाबाइटहून अधिक जागा जाते, आणि म्हणून पुष्कळ जण ‘डेप्थ १’ देऊन फक्त शेवटचा कमिट आणतात. मीही सुरुवातीला तेच केले होते आणि नंतर पस्तावलो. पूर्ण क्लोनमधून कंपाइल केलेल्या कर्नलवर ‘यूनेम’ ही प्रणालीची आवृत्ती सांगणारी आज्ञा चालवली, तर शाखेच्या (विकासाच्या स्वतंत्र धाग्याच्या) नावापुढे ‘एन’ हे अक्षर, त्याला लागून सहा आकडी संख्या आणि मग हॅश दिसतो. ही संख्या म्हणजे त्या शाखेवर तोवर झालेल्या कमिटांची मोजदाद. एकाच शाखेवरच्या दोन यंत्रांपैकी मागे कोणते राहिले, हे नुसत्या हॅशकडे पाहून कुणालाही सांगता येत नाही, संख्येवरून मात्र क्षणात कळते. अपुऱ्या क्लोनमध्ये मोजायला इतिहासच नसल्यामुळे ही संख्या गळते. डिस्कवरची जागा वाचवण्याच्या नादात मी नेमकी हीच सोय घालवून बसलो होतो.

रोजच्या वापरात मात्र गिटविषयी माझी तक्रार जवळपास नाही. ‘पुल’ करताना, म्हणजे नवे बदल ओढून आणताना, ‘फक्त फास्ट-फॉरवर्ड’ हा पर्याय मी न चुकता देतो, म्हणजे इकडच्या-तिकडच्या बदलांची नकळत सरमिसळ होत नाही. पुल झाल्यावर आधीची जागा ‘ओरिग-हेड’ या नावाने राखलेली असते; तिथपासून आतापर्यंतचा फरक केवळ ‘अपडेटिंग’ या सूचनांच्या फाइलपुरता मागितला, की आठ आकडी तारखांखाली लिहिलेल्या नव्या सूचनाच तेवढ्या समोर येतात. पूर्वी ही फाइल उघडून, मागच्या वेळी आपण कुठवर वाचले होते ते आठवत बसावे लागे, आणि आठवण चुकली की इन्स्टॉल अर्ध्यावर अडकल्यावर ती सूचना सापडे. माझ्या लेखी गिटवर येण्याचे सार्थक या एका सोयीत झाले.

स्थानिक बदलांच्या बाबतीत गिट कडक आहे. मी एका ड्रायव्हरमध्ये तपासणीपुरती एक ओळ घातली होती आणि ती विसरूनही गेलो होतो. काही आठवड्यांनी त्याच फाइलमध्ये वरून बदल आला, तेव्हा तुमचे बदल पुसले जातील असे सांगून गिटने पुल करण्यास साफ नकार दिला. त्या वेळी राग आला, पण दोष त्याचा नव्हता. आता स्वतःचे बदल मी वेगळ्या शाखेवर ठेवतो आणि कर्नलची संरचना-फाइल सोर्सच्या बाहेर ठेवून ‘कर्नकॉन्फडिर’ या बिल्डच्या पर्यायाने तिची वाट दाखवतो.

खरा त्रास झाला तो मालकीच्या तपासणीचा. एप्रिल २०२२ पासून, डिरेक्टरीचा मालक आणि आज्ञा देणारा वापरकर्ता वेगळे असतील तर गिट ‘संशयास्पद मालकी’ म्हणून काम थांबवते. तपासणीमागचे सुरक्षेचे कारण रास्त आहे. पण माझा सोर्स रूट या प्रशासक-खात्याच्या मालकीचा होता, कंपाइल मी साध्या खात्यातून केले आणि तयार झालेल्या कर्नलच्या नावातून हॅश निमूटपणे गायब झाला, बिल्डमध्ये चूक म्हणून त्याचा उल्लेखही नाही. ती डिरेक्टरी ‘सेफ-डिरेक्टरी’ म्हणून नोंदवली आणि प्रश्न सुटला, परंतु कारण शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

डिस्कवर जागा तुटपुंजी असलेल्या छोट्या यंत्रासाठी ‘गिटअप’ हे सुटसुटीत साधन पोर्ट्समध्ये, म्हणजे फ्रीबीएसडीच्या जादा सॉफ्टवेअरच्या संग्रहात, आहे. ते गिटवर अवलंबून नाही आणि इतिहास न ठेवता फाइली अद्ययावत करते. ज्या यंत्रावर सोर्स फक्त कंपाइल करायचा आहे, वाचायचा नाही, तिथे मी तेच सुचवीन.

गिटच्या एका मर्यादेने मात्र मला चांगलेच फसवले. मी १३.० च्या ‘रेलएंज’ शाखेवर होतो, जिच्यावर केवळ सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात. २०२२ च्या ऑगस्टअखेर त्या आवृत्तीचा पाठिंबा संपला, तरी प्रत्येक पुलला ‘सर्व काही आधीच अद्ययावत आहे’ असेच उत्तर मिळत राहिले, आणि ते अक्षरशः खरेही होते, कारण त्या शाखेवर नवे काही येणारच नव्हते. नवीन काही नसणे आणि शाखाच संपलेली असणे यांतला भेद गिटला माहीत असण्याचे कारण नाही. मला मात्र तो माहीत असायला हवा होता. तेव्हापासून पुलनंतर शेवटच्या कमिटची तारीख पाहतो, आणि ती काही महिन्यांपूर्वीची निघाली तर प्रकल्पाच्या पाठिंब्याच्या तक्त्यात शाखेची मुदत तपासल्याशिवाय कंपाइलला हात घालत नाही.