रोबस्टो, चर्चिल की पेटिट कोरोना? सांगलीत बसून सिगारचा साईज ठरवताना

परदेशातून सुट्टीला येणारा भाचा फोनवर विचारतो, "मामा, सिगार आणू का? कुठल्या साईजचे?" आणि मामा सांगून मोकळा होतो, "आण की चांगले मोठे." यामागे एक हिशेब असतो. प्रवाशाला ड्युटी न भरता २५ सिगार आणता येतात आणि कस्टमवाले नग मोजतात, लांबी-जाडी नाही. मग बारके कशाला आणायचे? कागदावर हे बरोबर आहे. पण सिगार कागदावर ओढायचा नसतो, गच्चीवर बसून ओढायचा असतो, आणि तिथं मोठा साईज बहुतेकांना झेपत नाही.

आधी आकडे कसे वाचायचे ते बघू. खोक्यावर '५ × ५०' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा लांबीचा, इंचात. दुसरा जाडीचा, त्याला रिंग गेज म्हणतात. एका इंचाचे ६४ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक रिंग. म्हणजे ५० रिंगचा सिगार साधारण २० मिलिमीटर जाड. हाताशी माप हवं असेल तर सध्याचा, २०१९ पासूनचा रुपया घ्या. तो २० मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास ५० रिंग. घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल ३८ रिंगपेक्षा किंचित बारीक.

फसगत होते ती इथं. डोळ्याला लांबी दिसते, पण तंबाखू वाढते जाडीच्या वर्गाने. ४२ आणि ६० रिंगचे दोन सिगार सारख्याच लांबीचे असले, तरी दुसऱ्यात तंबाखू दुप्पट. चर्चिल (७ × ४७) हातात घेतला की केवढा थोरला वाटतो, आणि गोर्डो (६ × ६०) त्याहून इंचभर आखूड. तरी गोर्डोत तंबाखू सुमारे ४० टक्के जास्त भरते. रोबस्टोशी (५ × ५०) तुलना केली तर पावणेदोनपट.

आता खरी निवड. बहुतेकांची गाडी रोबस्टो की चर्चिल इथंच अडते. चर्चिल, विन्स्टन चर्चिल यांच्या नावाचा, निवांत ओढला तर दीड तास घेतो. रोबस्टो पाऊण ते एक तासात संपतो. सांगलीत दीड तास सलग कुठं मिळतो सांगा! सार्वजनिक ठिकाणी ओढायला कायद्यानेच बंदी आहे, घरात वासावरून भांडण, म्हणजे उरली गच्ची नाहीतर मळ्यातलं घर. तेवढ्यात खालून जेवायची हाक येते. अर्धा विझवून नंतर पुन्हा पेटवलेला सिगार कडवट लागतो, आणि दुसऱ्या दिवशी तर त्याच्याकडे बघवत नाही. शिवाय चर्चिलची गंमत म्हणजे ओढता ओढता चव बदलत जाते, ती शेवटच्या तिसऱ्या भागात कळते. तिथवर पोचायचंच नसेल तर पैसे कशाचे मोजले? दोस्तांचा रात्रभराचा बेत ठरला असेल तर चर्चिल खुशाल घ्या. एरवी रोबस्टो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे समजावून सांगावी लागत नाही: तंबाखू लागते. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात. पण निकोटिन तोंडातूनही रक्तात जातं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. नवख्या माणसाने रिकाम्या पोटी गोर्डो ओढला की घाम, मळमळ, गरगर सगळं ठरलेलं. धूर गिळत नाही म्हणून तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर टळतो असंही नाही. सुरक्षित असा साईज कुठलाच नाही. लहान साईजमध्ये तंबाखू कमी जाते, इतकंच. ज्याने आजवर ओढलेली नाही, त्याच्यासाठी साईज निवडायच्या भानगडीत मी पडणार नाही.

माझं मत विचाराल तर रोबस्टोपेक्षाही पेटिट कोरोना (५ × ४२ च्या आसपास). लांबी जवळपास तीच, तंबाखू तीसेक टक्के कमी, अर्ध्या-पाऊण तासात काम संपतं. निपाणी-जयसिंगपूरकडची तंबाखू बघितलेल्यांना हे पटकन कळेल. बिडीची तंबाखू उन्हात वाळवून चुरतात. सिगारचं पान सावलीत, हवेवर वाळवून, मुरवून वापरतात, आणि सगळ्यात बाहेर गुंडाळायला एक निवडक, डाग नसलेलं पान घेतात. चवीत त्याचा वाटा मोठा असतो. सिगार जितका बारीक, तितका आत भरलेल्या तंबाखूच्या (भरणीच्या) मानाने त्या पानाचा हिस्सा वाढतो. तोटाही आहे: बारीक सिगार घाईने ओढला की तापतो आणि जिभेला चटका देतो. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नको. ज्यांना सिगरेटची सवय आहे त्यांना हे जमत नाही. त्यांनी रोबस्टोच घ्यावा, तो जरा सांभाळून घेतो.

लान्सेरो (साडेसात इंच, ३८ रिंग) दिसायला देखणा, पण जरा घट्ट वळला गेला की धूरच येत नाही. हौशी लोकांचं काम. टोकदार टॉर्पेडोची भरणी कुठल्याही सरळ सिगारसारखीच. फरक टोक किती कापायचं एवढाच. दिंडीगलकडचा चिरूट दोन्ही बाजूंनी मोकळा असतो, त्याला कटरही लागत नाही.

आणल्यावर ठेवायचे कुठे, यावरही साईज ठरतो. हवाबंद डबा आणि त्यातली आर्द्रता ६५ किंवा ६९ टक्क्यांवर राखणारी पाकिटं पुरतात. पाचइंची सिगार साध्या प्लास्टिकच्या डब्यात मावतात. चर्चिल, लान्सेरोसाठी लांब डबा शोधत फिरावं लागतं. डबा स्वयंपाकघरात मसाल्यांजवळ ठेवू नका, सिगार वास धरतो. हळदीच्या व्यापाऱ्यांना माहीत असलेला, साठवणीच्या हळदीला भोकं पाडणारा किडा तंबाखूचाही शत्रू आहे, आणि उष्णता वाढली की त्याची अंडी फुटतात. एप्रिल-मे मधल्या सांगलीत वेगळं काय होणार? उन्हाळ्यात बारीक सिगार जाड्यापेक्षा लवकर सुकतात, म्हणून दिवाळीत आलेल्या मालातले पेटिट कोरोना आधी संपवा. पंचवीसच्या पंचवीस एका साईजचे आणायची सक्ती नाही. दहा पेटिट कोरोना, दहा रोबस्टो आणि हौसेला दोन-तीन चर्चिल सांगा. उरलेली जागा भाच्याने चॉकलेटला वापरावी.