कोकरू श्वास घेत नाही: झुलवायचं, चोळायचं की हवा द्यायची?

मेंढी व्याली, कोकरू बाहेर पडलं, पण बरगड्या हलत नाहीत. अशा वेळी हाताशी चार-पाच उपाय असतात: मागचे पाय धरून झुलवणं, अंग चोळणं, नाकात काडी घालणं, तोंडाने फुंकर मारणं, पिशवी आणि मास्कने हवा देणं, नाहीतर डॉक्टरांकडचं औषध. सगळे करून बघायला वेळ नसतो. कशाने सुरुवात करायची हे आधीच ठरलेलं असावं, म्हणून इथे हे उपाय शेजारी शेजारी ठेवून बघितले आहेत. माझं मत आधीच सांगतो: नाक-तोंड साफ करून, पोटावर बसवून चोळणं आणि नाकात काडी, यानेच सुरुवात करावी. झुलवणं सोडून द्यावं. ज्यांच्याकडे जुळी बरीच होतात त्यांनी मास्कची पिशवी घेऊन ठेवावी.

पोटात असताना कोकराच्या फुफ्फुसात हवा नसते, पाण्यासारखा द्रव असतो आणि तो फुफ्फुस स्वतःच तयार करतं. ऑक्सिजन नाळेतून येतो. वेणा सुरू झाल्या की कोकराच्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि द्रव सोडणाऱ्या त्याच पेशी उलट तो शोषायला लागतात. नाळ तुटते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, ओल्या अंगाला गार हवा लागते, आई चाटायला लागते. या सगळ्यातून पहिला श्वास येतो. पुढच्या प्रत्येक श्वासाबरोबर उरलेला द्रव फुफ्फुसाच्या भिंतीत ढकलला जातो आणि तिथून हळूहळू रक्तात जातो. याला काही तास लागतात. म्हणजे फुफ्फुसातलं पाणी मुख्यतः आतच जिरतं, तोंडावाटे ओतून काढायचं नसतं. झुलवण्याबद्दलचं माझं मत याच गोष्टीवर उभं आहे.

झुलवणं आणि पोटावर बसवून चोळणं

कोकरू उलटं धरलं की तोंडातून चिकट पाणी गळतं, आणि बघणाऱ्याला वाटतं छाती मोकळी झाली. त्यातलं बरंचसं पाणी पोटातलं असतं. उलट्या धरलेल्या कोकराची आतडी आणि पोट पडद्यावर, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या स्नायूवर, दाबून बसतात. श्वास घ्यायचा तर तोच पडदा पोटाकडे सरकायला हवा. शिवाय ओलं कोकरू हातातून निसटतं, खुब्याला झटका बसतो, डोक्याकडे रक्त उतरतं. अवघड वितीत, म्हणजे व्यायला त्रास झाला असताना, डोकं आधीच सुजलेलं असेल तर आणखी वाईट. झुलवून जगलेली कोकरं अनेकांनी पाहिली आहेत आणि ते खरंही आहे. पण त्यातली बरीच त्या झटक्याने जागी झालेली असतात, पाणी निघाल्यामुळे नव्हे. तोच झटका चोळून देता येतो आणि इजाही होत नाही.

घशात चिकटा घरघरत असेल तर डोकं खाली येईल असं काही क्षण धरायला हरकत नाही. बोटाने तोंड पुसा, नाकपुड्या वरून खाली निपटून काढा. जवळ चिकटा ओढून काढायचा, दाबून सोडायचा रबरी फुगा असेल तर आधी तोंडातलं ओढा, मग नाकातलं. मग कोकरू पोटावर बसवा: पुढचे पाय समोर, मागचे दोन्ही बाजूंना बेडकासारखे, मान सरळ पुढे. कुशीवर पडलेल्या कोकराचं खालचं फुफ्फुस दबलेलं राहतं. पोटावर बसवलं की दोन्ही बाजू सारख्या फुगतात. आता कोरड्या पोत्याने किंवा जुन्या कापडाने बरगड्या आणि पाठ जोरात चोळा. यात एका कामात दोन कामं होतात, श्वासाला चालना मिळते आणि अंग कोरडं होतं. दुसऱ्या फायद्याची किंमत पुढे कळेल.

काडी, गार पाणी, सुई

गवताची स्वच्छ काडी नाकपुडीत हलकेच फिरवली की कोकरू शिंकतं किंवा दचकून हवा ओढतं. पैसे लागत नाहीत आणि चोळताना दुसऱ्याला करता येतं. कानात गार पाण्याचे थेंब टाकूनही तसाच श्वास येतो, पण पौषातल्या रात्री ओल्या कोकरावर गार पाणी मी टाकणार नाही. दोन नाकपुड्यांच्या मधोमध बारीक सुई टोचण्याची पद्धत डॉक्टर वापरतात. ती त्यांच्याकडून एकदा शिकून घेतलेली बरी.

हे सगळं करताना डाव्या कोपराच्या मागे छातीवर बोटं ठेवून ठोके बघा. ठोके जोरकस असतील तर थोडं आणखी चोळायला वेळ आहे. ठोके मंदावत असतील आणि मिनिटभरात श्वास आला नसेल, तर हवा द्यायलाच हवी.

तोंडाने फुंकर की पिशवी-मास्क

तोंड मिटून नाकात फुंकर मारली तर हवा आत जाते, उपाय चालतो. पण मेंढीच्या वितीच्या पाण्यातून ब्रुसेला, क्यू फीवर, क्लॅमिडिया, लेप्टोस्पायरा असे आजार माणसाला होऊ शकतात. वाड्यावर कोकरांचं बहुतेक बाया बघतात आणि गरोदर बाईला यातले काही आजार गर्भपातापर्यंत नेऊ शकतात. मध्ये कापड धरल्याने बचाव होत नाही. कळपात मेंढ्या गाभडत असतील तर तोंड अजिबात लावू नका, आणि गरोदर बाईने वितीच्या कामात हात घालू नये, मग कोकरू कितीही मोलाचं असो.

पिशवी-मास्क, म्हणजे दवाखान्यात तान्ह्या बाळांसाठी वापरतात ती अंबू बॅग, सर्जिकलच्या दुकानात मिळते. बाळाचा गोल मास्क कोकराच्या लांबट नाकावर नीट बसत नाही, कडेने हवा सुटते. निमुळता मास्क मिळाला तर तोच घ्या. दुसरी अडचण अशी की हवा फुफ्फुसाऐवजी पोटात जाते. मान सरळ ताणून धरा आणि डाव्या बाजूला, श्वासनळीच्या मागे, अन्ननलिका बोटाने हलकी दाबून ठेवा. पिशवी पूर्ण दाबू नका. तीन किलोच्या कोकराला एका श्वासाला साधारण ३० मिली हवा पुरते, म्हणजे दोन बोटांचा दाब. बरगड्या किंचित उचलल्या की झालं. जास्त दाबाने फुफ्फुस फाटू शकतं. दर दोन सेकंदांना एक श्वास द्या आणि कोकरू स्वतः ओढू लागलं की थांबा.

औषध

डॉक्सॅप्राम नावाचं औषध मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला जागं करतं. जिभेखाली थेंब किंवा इंजेक्शन, दोन्ही प्रकारे देतात. पण ऑक्सिजनअभावी मेंदूच मंदावला असेल तर औषधाला प्रतिसाद मिळत नाही, उलट मेंदूची ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणून ते हवा देण्याऐवजी नाही, हवा दिल्यानंतर, आणि तेही डॉक्टरांच्या हातून.

श्वास लागल्यावरचे तास

इथे बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकून दुसऱ्या मेंढीकडे वळतात, आणि कोकरू पहाटे मेलेलं सापडतं. नवजात कोकराच्या अंगात एक खास तपकिरी चरबी असते, ती जाळून ते न थरथरता ऊब तयार करतं. जाळायला ऑक्सिजन लागतो. श्वास उशिरा लागलेलं कोकरू म्हणूनच लवकर गार पडतं, आणि गार पडलं की श्वास आणखी मंदावतो. कोरडं करण्याची किंमत ही. शेकोटीजवळ नेऊ नका, धूर त्याच फुफ्फुसात जातो. घोंगडीत गुंडाळून आईजवळ, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. आई चाटत असेल तर तिला चाटू द्या.

पहिल्या तासांत मिनिटाला ४० ते ६० श्वास साधारण असतात, मोठ्या मेंढीपेक्षा बरेच जास्त, त्यामुळे घाबरू नका. बरगड्या अर्धा मिनिट मोजा. वेग जास्तच राहिला, श्वासागणिक कण्हणं ऐकू आलं किंवा जीभ निळसर राहिली तर डॉक्टर हवेत. दिवस न भरलेल्या कोकरात हे जास्त दिसतं, कारण फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या उघड्या ठेवणारा पदार्थ अजून पुरेसा तयार झालेला नसतो. थर्मामीटर लावा: ३९ ते ४० अंश सेल्सिअस चांगलं, ३७ च्या खाली धोका.

चीक बाटलीने की नळीने? चोखत असेल तर आईलाच पाजू द्या. चोखत नसेल तर बाटलीने बळंच ओतू नका, तो थेट फुफ्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. अशा कोकराला आधी गरम करून मग नळीने चीक द्यावा, किलोमागे एका वेळी ५० मिली, शक्यतो पहिल्या दोन तासांत. नळी घालायला कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

कोणी काय घ्यावं

दख्खनी किंवा माडग्याळच्या कळपात बहुधा एकच कोकरू होतं. तिथे कापड, रबरी फुगा, थर्मामीटर आणि नाळेसाठी टिंक्चर आयोडीन एवढं पुरे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून तयार केलेली नारी सुवर्णा ही मेंढी तुमच्याकडे असेल, तर जुळी बऱ्याचदा होतात. जुळ्यांची वजनं कमी, आणि दुसरं कोकरू अडून राहण्याची शक्यता जास्त. तिथे मास्कची पिशवी आणि चिकाची नळी यांचा खर्च एका वाचलेल्या कोकरात निघतो. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरणाऱ्यांनी हे सामान डब्यात बंद करून सोबत ठेवावं आणि १९६२ हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा क्रमांक फोनमध्ये साठवावा. पथक पोचेपर्यंतची मिनिटं मात्र तुमच्या हातात असतात, तेव्हा विती सुरू होण्याआधी घरातल्या दोघांनी तरी एखाद्या धडधाकट कोकरावर पोटावर बसवणं आणि ठोके शोधणं करून बघावं.