एमजीबीचे सस्पेन्शन पार्ट कुठून घ्यावेत: मॉस मोटर्सचा अनुभव

ज्यांच्याकडे जुनी एमजीबी (एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे किंवा घ्यायचं डोक्यात आहे त्यांच्यासाठी लिहितोय, खास करून इथे अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी. माझी १९७१ ची जीटी, म्हणजे बंद छपराची एमजीबी आहे, यंदा तिचं पुढचं-मागचं सगळं सस्पेन्शन काढून नवीन केलं, आणि बहुतेक पार्ट कॅलिफोर्नियात गोलेटाला मॉस मोटर्स आहे तिथून मागवले. ही कंपनी १९४८ पासून ब्रिटिश गाड्यांचंच काम करतेय. माझं मत विचाराल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण सस्पेन्शनचं सामान अशाच ठिकाणाहून घ्या.

कारण सांगतो. एमजीबी १९६२ ते १९८० बनत होती आणि वरवर बघितलं तर सगळ्या सारख्याच वाटतात, म्हणून ऑनलाइन बरेच जण सरळ "एमजीबी, सर्व मॉडेल" असं लिहून स्प्रिंगा विकतात. सर्व मॉडेल असं काही नसतंच हो! जीटीला मागे छप्पर आणि काच आहे, ती उघड्या छपराच्या रोडस्टरपेक्षा जड, त्यामुळे स्प्रिंगा वेगळ्या. १९७४ च्या शेवटी काळे रबर बंपर आले तेव्हा अमेरिकेच्या नियमांसाठी गाडी एक-दीड इंच उचलली, तिथून पुढे मागचे पाटेही (लीफ स्प्रिंग) वेगळे. सुरुवातीच्या रोडस्टरना मागे बॅन्जो प्रकारचा अॅक्सल (मागची चाकं जोडणारा आस) होता, जीटीला पहिल्यापासून ट्यूबवाला, तिथे पाटा अॅक्सलला आवळणारे यू-बोल्टसुद्धा एकमेकांचे चालत नाहीत.

मला एका ऑनलाइन विक्रेत्याने "क्रोम बंपर जीटी" (म्हणजे रबर बंपर यायच्या आधीची) असं स्वच्छ लिहिलेलं असताना रबर बंपरवाले पाटे पाठवले. गॅरेजमध्ये जुना पाटा आणि नवा पाटा शेजारी शेजारी ठेवला तर नव्याची कमान डोळ्याला लगेच जास्त दिसत होती, तसाच लावला असता तर गाडी मागून उचललेली दिसली असती. परत घ्यायलाही खूप खळखळ केली त्याने.

मॉसकडे फोन केला तर समोरच्याने पहिले चासी नंबर विचारला, आणि तिथेच माझा विश्वास बसला. नंबरच्या सुरुवातीला जीएचडी असेल तर जीटी, जीएचएन असेल तर रोडस्टर, पुढचा आकडा सिरीजचा. मग विचारलं वायर व्हील आहेत का साधी, अॅक्सल कुठला, आधीच्या मालकाने काही बदललंय का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पन्नास वर्षांच्या गाडीत कोणी काय लावून ठेवलं असेल सांगता येत नाही, म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी एकदा गाडीखाली जाऊन बघाच. त्यांच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक भाग सुटा काढून दाखवलेलं चित्र असतं, नट-वॉशरसकट, आणि कुठल्या गाडीला कुठला ते बाजूला लिहिलेलं. नुसतं ते चित्र समोर ठेवून मी अर्धं काम केलं.

आता पार्टबद्दल. पुढच्या खालच्या विशबोनला (चाक गाडीला जोडणारा हात) मूळ गाडीत दोन तुकड्यांचे रबरी बुश (सांध्यातल्या गाद्या) असतात, माझे काढले तर सुकलेल्या चिंचेसारखे हातात आले. त्याजागी व्ही८ बुश घ्या, म्हणजे १९७३ ते ७६ मध्ये जी जीटी व्ही८ निघाली तिचे, धातूच्या नळीत रबर चिकटवलेले. गाडीला चारच लागतात, साबणाचं पाणी लावून व्हाइसमध्ये दाबले की बसतात. फक्त नट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, हवेत लटकलेली असताना आवळलात तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे खूप मेकॅनिक करत नाहीत, उभं राहून करून घ्या.

शॉक मात्र नीट समजून घ्या. एमजीबीला पुढे लिव्हर शॉक (हात असलेला, तेलाचा शॉक अॅब्सॉर्बर) आहे आणि त्याचे हातच वरच्या विशबोनचं काम करतात. म्हणजे तो नुसता धक्के खात नाही, चाक धरून ठेवतो. त्याच्या शाफ्टला खेळ असेल तर वर तेल भरून काही होत नाही, चांगला रीबिल्ट केलेलाच घ्यायचा. त्यासाठी जुना परत द्यावा लागतो, तोपर्यंत डिपॉझिट अडकतं, म्हणून जुना फेकू नका.

किंगपिनचे (पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिचे) बुश नुसते ठोकून चालत नाहीत, बसवल्यावर रीम करावे, म्हणजे आतून कापून मापाला आणावे लागतात, घरी ते हत्यार कोणाकडे असतं? मी पिन बसवून तयार आलेले स्टब अॅक्सल (पुढचं चाक ज्यावर बसतं तो भाग) घेतले, महाग पडले पण स्टिअरिंग आता इतकं हलकं झालंय की रोज कुठेतरी जायचं निमित्त शोधतो. ग्रीस निपल विसरू नका, नियमित ग्रीस मारलं नाही तर नवे किंगपिनही तसेच जातील.

पाट्यांचं शिपिंग कुठूनही घ्या वजनामुळे महागच पडतं, त्यामुळे पाटे मागवाल तेव्हा यू-बोल्ट, रबर पॅड आणि शॅकलचे (पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीचे) बुश त्याच ऑर्डरमध्ये टाका. जुने यू-बोल्ट गंजलेले असतात, बहुतेक वेळा कापूनच काढावे लागतात.