वेबसाइट आमच्या पैशांची, डोमेन त्याच्या नावावर

ओळखीच्या कुणाकडून धंद्याची वेबसाइट करून घेतली असेल तर त्याला आजच विचारा: डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुठल्या कंपनीत नोंदवलंय, आणि त्या खात्यात मला माझ्या ईमेलने शिरता येईल का? "ताई, ते टेक्निकल असतं, माझ्यावर सोडा" असं उत्तर आलं, तर पुढचा एक रुपयाही देऊ नका. मला हेच उत्तर आलं होतं. माझे ५७,८०० रुपये गेले.

आमची हापूसची कलमं आहेत. सासऱ्यांनी आयुष्यभर दलालाकडे पेट्या पाठवल्या आणि येईल ती पट्टी घेतली. थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकायचं मी ठरवलं. नवऱ्याच्या मित्राने एका वेब डिझायनरचं नाव सुचवलं. आमच्याच भागातला, घरी येऊन चहा पिऊन गेलेला माणूस. साइटचे २२,५०० ठरले, त्यातले १२,००० आधी दिले, १०,५०० साइट सुरू झाल्यावर. पुढे 'एसएसएल'चे ४,५०० आणि गुगलवर दुकान दाखवायचे ६,००० घेतले. एसएसएल म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून ते फुकट मिळतं. गुगलवरचं बिझनेस प्रोफाइलही फुकट असतं, आपलं आपण बनवता येतं. हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आता तो क्षण, जो आठवला की आजही अंगाची आग होते. डोमेन घेताना त्याने माझा ईमेल मागून घेतला, मी दिला. डॉट कॉम डोमेन ज्याच्या नावावर नोंदवतात त्याला नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून पडताळणीचा मेल येतो. पंधरा दिवसांत पडताळणी झाली नाही तर डोमेन बंद पडू शकतं. मला असा मेल कधी आलाच नाही आणि साइट मात्र सुरू राहिली. म्हणजे पडताळणी दुसऱ्याच कुणीतरी केली होती. घर आपण बांधायचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, तसं झालं. मी बी.कॉम. आहे, बागेचे हिशेब, मजुरांचे पगार, जीएसटी सगळं मीच बघते. पण न आलेल्या मेलची चौकशी कोण करतं? असा मेल येतो हेच ज्याला माहीत नाही, तो वाट कशाची बघणार? हे सांगायचं काम त्याचं होतं.

दुसरी खूणही होती. पुढच्या वर्षी रिन्यूअलचे ९,८०० मागितले, तेही "आज रात्री बारापर्यंत भरा, नाहीतर दुसरा कुणी घेईल" म्हणून. डॉट कॉम डोमेन वर्षाला याच्या कितीतरी कमी पैशांत रिन्यू होतं. मुदत संपली म्हणून त्याच रात्री ते दुसऱ्याला मिळत नाही. नोंदणी कंपनीने काढून टाकलं तरी पुढचे ३० दिवस मूळ मालकाला जास्त शुल्क भरून सोडवता येतं. मी पावती मागितली. त्याने स्क्रीनशॉट पाठवला, वरचा भाग कापलेला. मालकाचं नाव त्याच कापलेल्या भागात होतं. पण त्याच आठवड्यात फवारणी चालू होती, घरात सासूबाई आजारी. मी पैसे भरले.

पावती नेहमी नोंदणी कंपनीची मागा, वर्डमध्ये टाइप केलेली नव्हे. आणि पूर्ण मागा.

त्यानंतर आम्ही १,५०० खोकी छापून घेतली, ३८ रुपयांना एक, म्हणजे ५७,००० रुपये. प्रत्येक खोक्यावर वेबसाइटचा पत्ता. त्याला हे माहीत होतं, छपाईचं डिझाइन त्यानेच पाठवलं होतं. सीझन तोंडावर आला आणि फोन आला: डोमेन हवं असेल तर ३५,०००. घासाघीस करून अर्धवट सोडवू म्हणून १५,००० दिले, तर त्याने होस्टिंगचा पासवर्ड पाठवला. होस्टिंग म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची जागा. डोमेन त्याच्याच खात्यात राहिलं. आठवड्याभरात आमचा पत्ता टाकला की एका व्यापाऱ्याचं पान उघडायला लागलं, त्यावर त्याचा नंबर. आमची खोकी बघून गिऱ्हाइकांनी तिथे पैसे भरले आणि त्यांना कर्नाटकचा आंबा मिसळलेला माल गेला. शिव्या आम्हाला. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच भेसळीविरुद्ध उपयोगी पडेल म्हणून, आणि इथे आमचंच नाव वापरून भेसळ विकली गेली. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

पोलीस ठाण्यात गेले. "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग फसवणूक कशी? हा दिवाणी वाद आहे, वकील बघा." सायबरवाल्यांकडे गेले, तर ते म्हणाले खात्यातून परस्पर पैसे गेलेले नाहीत, आधी ठाण्यात जा. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. एका हवालदाराने डोमेन म्हणजे मोबाईल नंबर का असं विचारलं. मी समजावून सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि अर्जावर नुसता शिक्का मारला. सुरुवातीपासून फसवायच्या इराद्याने पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगायचं? नोंदणी कंपनीचं उत्तर तर छापील: खातेदार तोच मालक. माझ्या नावाची खोकी, माझी यूपीआयची नोंद, काही बघायला तयार नाहीत. वकिलांनी आंतरराष्ट्रीय तक्रारीचा मार्ग सांगितला. जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एका पंचासमोर जायचं तरी शुल्क १,५०० डॉलर, शिवाय ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो. ट्रेडमार्कचा अर्ज छोट्या व्यावसायिकाला ऑनलाइन ४,५०० रुपयांत करता येतो. नाव छापण्याआधी करा.

ग्राहक आयोगातही आधी "तुमचा वापर व्यापारी" म्हणून परत पाठवत होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर व्यापारी धरलेला नाही, सेवेलाही तेच लावा असं म्हणणं मांडा. ते कलम छापून न्या, तोंडी सांगून ऐकत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासकट द्यावे लागतात. खात्यातून नुकतेच पैसे उडाले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन करा, तिथे वेळेला किंमत आहे.

नवीन डोमेन मी स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डाने घेतलंय. उरलेल्या खोक्यांवर स्टिकर चिकटवतोय. अर्ज अजून अर्जच आहे, एफआयआर नाही. चौकशी केली तेव्हा आमच्याच भागातली दोन होमस्टेवाली आणि एक कोकम सरबतवाली त्याच माणसाच्या खात्यात अडकलेली सापडली. त्यांच्या डोमेनची मुदत अजून संपलेली नाही. तुमचंही तसं असेल तर भांडण होण्याआधी, पुढचा हप्ता द्यायच्या आधी, डोमेनचा ऑथ कोड मागून घ्या. नोंदणीला ६० दिवस झाले असतील तर तो कोड वापरून डोमेन दुसऱ्या कंपनीत स्वतःच्या खात्यात नेता येतं. कोड हातात आला की त्याच दिवशी हलवा.