फायफॉक्स: फोनमधली प्रयोगशाळा किती विश्वासाची?

फायफॉक्स हे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालणारं मोफत अ‍ॅप आहे. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र विभागाने ते २०१६ साली आणलं. त्यात जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि सोर्स कोड खुला आहे. फोनमधले अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा), जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा), मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा), मायक्रोफोन, जीपीएस, जे काही असेल त्याचे कच्चे आकडे ते समोर ठेवतं, आलेख काढतं आणि सगळं एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये देतं. अकरावी-बारावीची प्रात्यक्षिकं आणि बीएस्सीचे प्रकल्प यांसाठी मोफत साधनांत मी पहिलं नाव याचंच घेईन.

एक गोष्ट मात्र आधी समजून घ्यायला हवी. अ‍ॅप सगळ्यांचं एकच असलं तरी सेन्सर ज्याच्या त्याच्या फोनचा असतो. पडद्यावर दशांशचिन्हापुढे चार आकडे दिसले म्हणून मोजमाप तितकं अचूक होत नाही. वर्गात सुरुवात करायची तर मायक्रोफोनच्या प्रयोगांनी करा. मायक्रोफोन सेकंदाला साधारण ४८,००० नमुने घेतो, म्हणजे तितक्या वेळा मोजतो, अ‍ॅक्सेलरोमीटर फोनप्रमाणे १०० ते ५००. शिवाय मायक्रोफोन प्रत्येक फोनमध्ये असतोच.

ध्वनीचा वेग काढायचा प्रयोग हा या अ‍ॅपचा सर्वांत देखणा भाग. दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवा आणि दोन्हींवर ‘अकूस्टिक स्टॉपवॉच’, म्हणजे आवाजाने चालू-बंद होणारं घड्याळ, उघडा. पहिल्या फोनमागच्या विद्यार्थ्याने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात, दुसऱ्या फोनमागच्याने वाजवली की थांबतात. पहिल्या फोनवरची वेळ थोडी जास्त येते. हा फरक म्हणजे आवाजाला जाऊन-येऊन १० मीटर कापायला लागलेला वेळ. हवा ३० अंश सेल्सिअस असेल तर तो साधारण २८.७ मिलिसेकंद यायला हवा, म्हणजे वेग सेकंदाला ३४९ मीटरच्या आसपास. टाळी वाजवणारे दोघेही फोन जोडणाऱ्या रेषेवर, पण फोनांच्या बाहेरच्या बाजूला उभे हवेत. मग ते फोनपासून किती मागे आहेत याने फरक पडत नाही. दोन फोनांच्या मध्ये कुणी टाळी वाजवली तर गणितच मोडतं.

चुका होतात त्या थ्रेशोल्डमुळे, म्हणजे किती मोठ्या आवाजाला घड्याळाने दाद द्यायची त्या मर्यादेमुळे. तो कमी ठेवला तर पंख्याच्या आवाजाने घड्याळ चालू होतं. जास्त ठेवला तर लांबच्या फोनला टाळीचा पहिला धक्का पुरत नाही, तो मागून येणाऱ्या प्रतिध्वनीवर सुरू होतो आणि वेग कमी येतो. पंखे बंद करा, थ्रेशोल्ड गोंगाटाच्या जरा वर ठेवा आणि टाळीऐवजी लाकडाचे दोन ठोकळे आपटा. ५ मीटर अंतराला एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे साडेतीन टक्के, त्यामुळे एका मोजमापावर थांबू नका, दहा घ्या आणि सरासरी काढा.

याच घड्याळाने गुरुत्वत्वरणही छान निघतं. पोलादी गोळी पट्टीच्या टोकावर ठेवून पट्टीला टिचकी मारायची. टिचकीच्या आवाजाने घड्याळ सुरू, गोळी फरशीवर आपटल्यावर बंद. १ मीटर उंचीला ०.४५ सेकंद येतात. ‘मिनिमम डिले’, म्हणजे सुरू झाल्यावर घड्याळ किती वेळ थांबू द्यायचं नाही ती मुदत, ०.२ सेकंद ठेवा, नाहीतर पट्टीचा थरथराटच घड्याळ थांबवतो. फोन फरशीवर ठेवला तर वरचा आवाज ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि उत्तरात एक टक्क्याहून जास्त चूक शिरते. स्टुलावर मध्यावर ठेवला की दोन्ही आवाजांना सारखाच वेळ लागतो आणि ही चूक निघून जाते.

अ‍ॅक्सेलरोमीटर वापरण्याआधी तो तपासायलाच हवा. ‘अ‍ॅक्सेलरेशन विथ जी’ उघडून फोन सपाट टेबलावर आधी पाठीवर, मग तोंडावर ठेवा. समजा ९.९३ आणि उणे ९.६५ आले. त्यांच्या बेरजेचं अर्ध, म्हणजे ०.१४, हा तुमच्या फोनचा मूळचा दोष. तो वजा केला की ९.७९ उरतात, आणि मुंबईत गुरुत्वत्वरण तेवढंच आहे. तिन्ही अक्षांचा दोष वेगळा असतो, म्हणून सहाही बाजूंवर फोन टेकवून पाहा. हे पाच मिनिटांचं काम टाळणारे पुढे त्वरणावरून अंतर काढायला जातात आणि फसतात. फक्त ०.०५ चा दोष राहिला तरी १० सेकंदांत स्थिर फोन अडीच मीटर सरकल्याचं दिसतं.

पेंड्युलमसाठी जायरोस्कोप लागतो. फोन एका दोरीला टांगला तर पीळ पडून फिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन दोऱ्या बांधा. लांबी फोनच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची, कडेपर्यंत नाही. झोका १० अंशांच्या आत ठेवा. ३० अंशांना आवर्तकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. स्वस्त अँड्रॉइड फोनांत बऱ्याचदा खरा जायरोस्कोप नसतो, इतर सेन्सरांवरून गणिताने काढलेले आकडे दिले जातात आणि आलेख उशिराने, अडखळत येतो. फोनांच्या सेन्सरांची यादी अ‍ॅपच्या संकेतस्थळावर आहे, ती आधी पाहावी.

शेतपंप किंवा मोटरची कंपनं पाहायला ‘अ‍ॅक्सेलरेशन स्पेक्ट्रम’ उपयोगी आहे. मिनिटाला २८८० फेरे म्हणजे ४८ हर्ट्झ. आयफोनचा अ‍ॅक्सेलरोमीटर सेकंदाला १०० नमुने देतो, त्यामुळे त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ५० हर्ट्झच्या वरचं त्याला नीट दिसत नाही. ९६ हर्ट्झचं कंपन आलेखावर ४ हर्ट्झला उमटू शकतं आणि पाहणारा बेअरिंगमध्ये नसलेला दोष शोधत बसतो. इथे ४०० नमुने देणारा अँड्रॉइडच घ्या. फोन मोटरवर घट्ट पट्टीने आवळा, हातात धरून हे होत नाही.

मॅग्नेटोमीटर सगळ्यांत बेभरवशाचा. चुंबकाचं बटण असलेलं कव्हर काढल्याशिवाय त्याला हातच लावू नये, मग फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याचे आकडे जुळवून घ्यावेत. जर्मनीत रेल्वेची वीज १६.७ हर्ट्झची असल्याने तिथे गाडीत बसून या सेन्सरने तिचा माग काढता येतो. आपल्या लोकलची वीज ५० हर्ट्झची, आणि बहुतेक मॅग्नेटोमीटर सेकंदाला १०० च्या वर नमुने देत नाहीत. तो प्रयोग इथे जमणार नाही.

लिफ्टच्या प्रयोगाला दाबमापी हवा. एका मजल्याला दाब सुमारे ०.३५ हेक्टोपास्कल बदलतो आणि आलेखावर मजले मोजता येतात, पण स्वस्त फोनांत हा सेन्सर सहसा नसतो. प्रकाशाचे प्रयोग फक्त अँड्रॉइडवर. आयफोन त्या सेन्सरचे आकडे अ‍ॅपला देत नाही.

फोन फिरत किंवा झुलत असताना लॅपटॉपच्या ब्राउझरवर आलेख पाहण्याची सोय उत्तम आहे. ‘रिमोट अ‍ॅक्सेस’ चालू केलं की फोन एक पत्ता दाखवतो. कॉलेजच्या वायफायवर हे अनेकदा चालत नाही, कारण तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. अशा वेळी फोनचाच हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. मोजमाप चालू असताना दुसरं अ‍ॅप उघडू नका, मोजणी थांबते. परीक्षेच्या दिवशी फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा, म्हणजे मध्येच कॉल येणार नाही.